एकाच पेटीत दोन बोआ : सोबत नव्हे, धोका

परदेशी साप पाळण्याची हौस देशात रुजली आहे आणि तिच्यासाठी आता कायद्याची चौकटही आली आहे. मात्र दोन साप एकत्र ठेवल्याने काय घडते, याची चर्चा क्वचितच होते. अजगरांचा नैसर्गिक वावर असलेल्या पेडणे-डिचोलीसारख्या तालुक्यांसाठी हा प्रश्न केवळ हौशीपुरता उरत नाही.

पावसाळा सुरू झाला की पेडणे आणि डिचोली तालुक्यांतील कुळागरांत, शेतांच्या बांधांवर आणि कोंबड्यांच्या खुराड्यांत अजगर आढळणे ही गोमंतकीयांना नवी गोष्ट नाही. गावाकडे ‘आर’ म्हणून ओळखला जाणारा हा साप दिसला की वन खात्याला किंवा सर्पमित्राला बोलावले जाते, साप पिशवीत घातला जातो आणि रानात सोडला जातो. सातेरीच्या रूपाने वारुळाची पूजा करणाऱ्या या भागात सापाविषयी भीती आहे तसा आदरही आहे. पण हे नाते अंतर राखून जपलेले आहे. साप विकत आणून काचेच्या पेटीत ठेवण्याची कल्पना या मातीतली नव्हे.

ती बाहेरून आली. शहरांतील पाळीव प्राण्यांची बाजारपेठ, समाजमाध्यमांवरील चित्रफिती आणि ‘विषारी नाही, शांत आहे, फार जागा लागत नाही’ अशी जाहिरात यांतून परदेशी साप घरांत पोहोचले. त्यांतील एक ठळक नाव म्हणजे बोआ कन्स्ट्रिक्टर. एक साप आणला की त्याला ‘सोबत’ म्हणून दुसरा आणावा, असा विचार अनेकांच्या मनात येतो. पोपट, ससे किंवा मासे पाळलेल्यांना तो स्वाभाविकही वाटतो. सापाच्या बाबतीत मात्र तो मुळातच चुकीचा आहे.

बोआ म्हणजे अजगर नव्हे

मराठीत बोआलाही सरसकट ‘अजगर’ म्हटले जाते. दोघेही बिनविषारी आहेत आणि दोघेही भक्ष्याला विळखा घालून मारतात, हे खरे. पण त्यांची कुळे वेगळी आहेत. बोआ कन्स्ट्रिक्टर हा मूळचा मध्य आणि दक्षिण अमेरिकेतील साप. आपला भारतीय अजगर भारतीय उपखंडातला. अजगराची मादी अंडी घालते आणि त्यांभोवती वेटोळे करून ती उबवते. बोआची मादी थेट पिल्लांना जन्म देते. बोआचे जवळचे आप्त आपल्याकडे आहेत ते अजगर नव्हेत, तर मांडूळ आणि डुरक्या घोणस. पश्चिम घाटाच्या दक्षिण भागात आढळणारा व्हिटेकरचा मांडूळही याच गोतावळ्यातला आहे.

पूर्ण वाढलेला बोआ साधारण दोन ते तीन मीटर लांब होतो. मादी नरापेक्षा मोठी असते. चांगली निगा राखल्यास हा साप वीस ते तीस वर्षे जगतो. दुकानात हातभर लांबीचे पिल्लू विकत घेणाऱ्याच्या हे सहसा ध्यानात येत नाही. आज दोन पिल्ले ज्या पेटीत सहज मावतात, त्याच पेटीत काही वर्षांनी एकाला अंग पसरायलाही जागा उरत नाही.

सापाला सोबत हवी असते का?

रानात बोआ एकटा राहतो, एकटा शिकार करतो आणि एकटाच विसावतो. विणीच्या काळात नर मादीच्या शोधात येतो तेवढाच काय तो संबंध. पिल्लेही जन्मल्या क्षणापासून स्वतंत्र असतात. आई त्यांना भरवत नाही की सांभाळत नाही.

यावर एक आक्षेप नेहमी घेतला जातो आणि तो निराधार नाही. साप एकत्र दिसतात, हे अनेकांनी पाहिलेले असते. राजस्थानातील भरतपूरच्या केवलादेव राष्ट्रीय उद्यानात हिवाळ्यात अनेक भारतीय अजगर साळिंदरांच्या बिळांत एकत्र राहतात, याचा अभ्यासकांनी बारकाईने अभ्यास केला आहे. क्यूबा बेटावर आढळणारे बोआ कुळातील साप गुहेच्या तोंडाशी एकमेकांजवळ लटकून बाहेर पडणारी वटवाघळे पकडतात आणि अनेक साप असले की शिकार अधिक यशस्वी होते, असे निरीक्षण २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले. मग पेटीतच एकत्र राहण्यास हरकत कोणती?

फरक दोन गोष्टींचा आहे. पहिली म्हणजे कारण. भरतपूरचे अजगर एकमेकांच्या ओढीने नव्हे, तर थंडीपासून बचाव करणारे बीळ मोजकेच असते म्हणून एकत्र येतात आणि त्या काळात ते जवळजवळ काही खात नाहीत. दुसरी आणि अधिक महत्त्वाची गोष्ट म्हणजे वाट. रानातल्या सापाला शेजारी नकोसा झाला की तो निघून जातो. पेटीतल्या सापाला जायला जागाच नसते.

पेटीत दोन बोआ एकावर एक वेटोळे करून बसलेले दिसले की ‘किती माया आहे’ असे पाळणाऱ्याला वाटते. बहुतेक वेळा तिथे घडत असते ते वेगळेच. पेटीत ऊब देणारी जागा एकच, लपायचा आडोसा एकच आणि दोघांनाही तीच जागा हवी असते. त्यांचे एकत्र बसणे ही जागेसाठीची मूक चढाओढ असते.

आवाज नसलेली कुचंबणा

साप थंड रक्ताचा प्राणी आहे, म्हणजे शरीराचे तापमान त्याला बाहेरच्या उबेवर राखावे लागते. म्हणून बोआच्या पेटीत एका टोकाला साधारण ३१ ते ३३ अंश सेल्सिअस आणि दुसऱ्या टोकाला २६ ते २८ अंश तापमान ठेवण्याचा प्रघात आहे. साप गरजेनुसार या टोकाकडून त्या टोकाकडे सरकतो. अन्न पचवायचे असेल तर उबेत आणि विसावा हवा असेल तर गारव्यात.

दोन साप असले की मोठा किंवा धीट साप उबेची जागा धरून बसतो. दुसरा गार कोपऱ्यात राहतो. वरकरणी भांडण नाही, चावाचावी नाही, आवाज नाही. पण गार राहिलेल्या सापाचे अन्न नीट पचत नाही, तो खाल्लेले ओकून टाकतो, पुढे खाणेच सोडतो. दीर्घकाळच्या ताणाने त्याची रोगप्रतिकारशक्ती खालावते. कुत्रा किंवा मांजर त्रास झाला तर ओरडते. साप ओरडत नाही. त्याची तक्रार वजनाच्या काट्यावर दिसते आणि तोवर बराच उशीर झालेला असतो.

गोव्याच्या हवेत ही अडचण आणखी वाढते. पावसाळ्यात हवेतील आर्द्रता इतकी असते की पेटीत हवा खेळती नसेल तर तळ सतत ओला राहतो. ओलसर आणि अस्वच्छ तळावर राहणाऱ्या सापाच्या पोटाकडील खवल्यांना जखमा होतात; गार व दमट हवेत श्वसनाचा संसर्ग होतो. दोन साप म्हणजे दुप्पट विष्ठा आणि दुप्पट ओल. त्यात वादळी पावसात वीज गेली की उबेची सोयही बंद पडते.

आणखी एक व्यावहारिक अडचण आहे. एके सकाळी पेटीत ओकारी किंवा पातळ विष्ठा दिसली, तर ती कोणत्या सापाची? एकट्या सापाच्या बाबतीत हा प्रश्नच उद्भवत नाही. दोघांमध्ये मात्र आजारी कोण हे कळेपर्यंत दिवस निघून जातात. पशुवैद्याला माहिती द्यायची तर तीही अर्धवटच असते.

खाण्याच्या वेळचा अपघात

एकत्र ठेवण्यातला सर्वांत उघड धोका अन्नाच्या वेळी दिसतो. बोआ डोळ्यांपेक्षा वास, ऊब आणि हालचाल यांवर अधिक विसंबून असतो. उंदराचा वास पेटीत दरवळला की समोर जे हलेल त्यावर तो झेप घेतो. ते भक्ष्य आहे की शेजारी, हे ठरवण्याइतकी उसंत त्या झेपेत नसते.

दोन साप एकाच उंदराला दोन्ही टोकांकडून धरतात, असे घडते. सापाचे दात आत वळलेले असतात. एकदा पकडलेले सोडून देणे त्याला सोपे नसते. दोघेही गिळत पुढे सरकतात आणि तोंडाशी तोंड आले की मोठा साप लहान सापाचे डोकेही गिळू लागतो. लहान साप गुदमरतो. मोठ्या सापालाही एवढे मोठे, अनपेक्षित भक्ष्य झेपत नाही. अशा प्रसंगी दोघांचाही जीव जाऊ शकतो.

बोआच्या विळख्याविषयी जुना समज असा की त्यात भक्ष्य गुदमरून मरते. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांनी वेगळे दाखवले : विळखा पडताच काही सेकंदांत भक्ष्याचा रक्तप्रवाहच खुंटतो. असा विळखा चुकून शेजारच्या सापावर पडला तर त्याला होणारी इजा किती गंभीर असू शकेल, हे यावरून कळते.

‘आम्ही दोघांना वेगवेगळ्या डब्यांत खायला घालतो’ असे उत्तर यावर दिले जाते. पण त्यातही पेच आहे. खाल्लेल्या सापाला निदान दोन दिवस हात लावू नये, हा पाळणाऱ्यांमधला सर्वमान्य नियम आहे. कारण हाताळल्यास साप खाल्लेले ओकतो. वेगळ्या डब्यात खाऊ घातले तर नेमके पोट भरलेल्या सापालाच उचलून पेटीत परत ठेवावे लागते. शिवाय त्याच्या तोंडाला भक्ष्याचा वास कितीतरी वेळ टिकतो आणि शेजारी अजून भुकेला असेल तर झेप त्या वासावरच पडते. म्हणजे अपघात टाळण्याचा उपायच नवे अपघात ओढवून घेतो.

न दिसणारा शत्रू

या साऱ्यांहून मोठा धोका रोगाचा आहे. बोआ आणि अजगर या दोन्ही कुळांतील पाळीव सापांमध्ये १९७० च्या दशकापासून एक गूढ रोग दिसत होता. पेशींच्या आत विशिष्ट गाठोळी तयार होत आणि त्यावरूनच त्याला अंतर्वेशपिंडांचा रोग असे नाव पडले. सापाला ओकाऱ्या होतात, वजन उतरते, इतर जंतूंचे संसर्ग जडतात आणि पुढे मज्जासंस्था बिघडते. मान वाकडी होते, साप उताणा पडला तर सरळ होऊ शकत नाही, एकटक वर पाहत राहतो.

याचे कारण कित्येक वर्षे उमगत नव्हते. २०१२ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन फ्रान्सिस्को येथील संशोधकांनी आजारी सापांमध्ये अरीना विषाणूंच्या गटातील, तोवर अज्ञात असलेले विषाणू शोधून काढले. या गटातील विषाणू तोपर्यंत केवळ सस्तन प्राण्यांत, मुख्यत्वे उंदरांच्या जातींत, माहीत होते. पुढे युरोपातील संशोधकांनीही स्वतंत्रपणे तसेच विषाणू शोधले आणि २०१७ मधील प्रयोगांत या विषाणूंनीच हा रोग होतो, यावर शिक्कामोर्तब झाले.

त्या प्रयोगांतून निघालेली गोष्ट गोव्याच्या दृष्टीने विशेष महत्त्वाची आहे. विषाणू टोचलेले बोआ दीर्घकाळ वरवर निरोगी राहिले. त्यांच्या रक्तात मात्र विषाणू वावरत होता. अजगर कुळातील साप मात्र लवकरच मज्जासंस्थेच्या तीव्र आजाराने खंगले. म्हणजे बोआ हा रोगाचा मूक वाहक ठरू शकतो आणि अजगर त्याचा बळी. संसर्ग झालेल्या बोआ मादीकडून पिल्लांनाही विषाणू मिळतो, असेही आढळले आहे. या रोगावर औषध नाही आणि लसही नाही.

हा विषाणू एका सापाकडून दुसऱ्याकडे नेमका कसा जातो, याबाबत निकटचा संपर्क आणि सापांच्या अंगावरील गोचिडवजा बारीक किडे यांच्याकडे संशयाने पाहिले जाते. हे काळपट किडे खवल्यांच्या खाली आणि डोळ्यांच्या कडेला लपून रक्त शोषतात. उबदार, दमट हवेत त्यांची एक पिढी दोन-तीन आठवड्यांत पूर्ण होते. कोकणपट्टीची हवा त्यांना मानवणारीच म्हणावी लागेल. एका सापावर ते आले की त्याच पेटीतील दुसरा सुटत नाही.

जठरात वाढणारा क्रिप्टोस्पोरिडियम नावाचा परजीवीही असाच चिवट आहे. त्याने सापाचे जठर सुजते, शरीराचा मधला भाग फुगतो, साप खाल्लेले ओकतो आणि हळूहळू खंगतो. विष्ठेतून आणि पाण्याच्या भांड्यातून तो पसरतो. नेहमीच्या जंतुनाशकांना दाद देत नाही. एकच पाण्याचे भांडे वापरणाऱ्या दोन सापांपैकी एकाला तो झाला, तर दुसऱ्यालाही झाला असे समजूनच पुढे जावे लागते.

म्हणून अनुभवी पाळणारे नवीन साप आणल्यावर त्याला निदान तीन महिने स्वतंत्र खोलीत, स्वतंत्र भांडी व अवजारे वापरून ठेवतात. मूक वाहक असलेल्या बोआच्या बाबतीत तेवढा काळही पुरेसा ठरेलच असे नाही. रक्ततपासणी करूनही रोग हुकू शकतो. ‘दोघेही तंदुरुस्त दिसतात’ हा एकत्र ठेवण्याचा आधार होऊच शकत नाही, तो यामुळे.

दोनाचे साठ

एकत्र ठेवलेले दोन साप नर-मादी निघाले तर प्रश्नाचे स्वरूपच बदलते. लहान बोआचे लिंग नुसत्या नजरेने ओळखता येत नाही. नराच्या अवसकाजवळील नखरांची लांबी जास्त असते, पण खात्रीसाठी जाणकाराकडून तपासणी करावी लागते. ‘दोन्ही माद्या आहेत’ या विक्रेत्याच्या शब्दावर विसंबून अनेकांनी पुढे पिल्लांचा घोळका सांभाळला आहे.

बोआची मादी एका वेळी साधारण दहापासून साठपर्यंत पिल्लांना जन्म देते. वयाने व वजनाने अपुरी वाढ झालेली मादी सतत नरासोबत राहिली तर गर्भधारणेचा भार तिला पेलवत नाही. नरही त्या काळात खाणे सोडतो. माद्या नराचे शुक्राणू काही काळ शरीरात साठवू शकत असल्याने उशिरा केलेली ताटातूट कामी येईलच असे नाही. बोआच्या मादीने नराच्या सहभागाविनाही पिल्लांना जन्म दिल्याचे अमेरिकेतील संशोधकांनी २०१० मध्ये जनुकीय चाचण्यांद्वारे सिद्ध केले होते. तिची सर्व २२ पिल्ले माद्या होती. पण तो अपवाद झाला. नेहमीचे कारण एकच : नर आणि मादी एका पेटीत.

जन्मल्यावर प्रत्येक पिल्लाला वेगळी पेटी, वेगळे अन्न आणि पुढची वीस-तीस वर्षे सांभाळणारे घर हवे. एवढी घरे मिळत नाहीत. मग उरतो तो सर्वांत वाईट मार्ग, म्हणजे रानात सोडून देणे.

रानात सुटलेला पाहुणा

जगात याची उदाहरणे आहेत. मेक्सिकोच्या कोझुमेल बेटावर १९७१ मध्ये मोजके बोआ सोडले गेले. आज ते तेथील स्थानिक पक्षी आणि लहान सस्तन प्राण्यांवर पोसलेले, बेटभर पसरलेले परके शिकारी आहेत. कॅरिबियन समुद्रातील अरूबा बेटावर १९९९ मध्ये बोआ प्रथम आढळला आणि काही वर्षांतच त्याने बेट व्यापले. पोर्तो रिकोच्या पश्चिम भागातही पाळीव सापांच्या व्यापारातून सुटलेल्या थोड्याच बोआंपासून वस्ती उभी राहिली. फ्लोरिडातील एव्हरग्लेड्स दलदलीत ब्रह्मी अजगराने घडवलेला संहार तर सर्वश्रुत आहे.

पेडणे आणि डिचोलीचा भूगोल या संदर्भात पाहावा. वर्षभर उबदार हवा, मुबलक पाऊस, शापोरा नदीचे खोरे, कुळागरे, झाडीने वेढलेले ओहोळ, खाणपट्ट्यातील पाण्याने भरलेले जुने खड्डे आणि वस्तीलगत उंदीर-घुशी. उष्ण कटिबंधातील बोआला प्रतिकूल वाटावे असे येथे फारसे काही नाही. डिचोलीला लागून सत्तरीचे म्हादई अभयारण्य आहे आणि पलीकडे दोडामार्ग, सावंतवाडीचे रान. साप तालुक्याची किंवा राज्याची सीमा पाहून थांबत नाही.

या रानात भारतीय अजगर आहे. बोआ सुटला तर तो अन्नासाठी अजगराशी स्पर्धा करील, हा झाला एक भाग. दुसरा भाग रोगाचा. जो विषाणू बोआ वर्षानुवर्षे अंगात बाळगू शकतो आणि अजगर कुळातील सापांना झपाट्याने आजारी पाडतो, तो येथील अजगरांपर्यंत पोहोचण्यासाठी बोआ रानातच सुटला पाहिजे असेही नाही. घरी बोआ बाळगणाऱ्या एखाद्या सर्पमित्राने खुराड्यातून पकडलेला अजगर एका रात्रीपुरता त्याच खोलीत ठेवला, तीच काठी आणि तीच पिशवी वापरली आणि सकाळी तो रानात सोडला, तर पुरेसे आहे. पाळीव साप आणि वाचवलेले रानटी साप यांचा कोणत्याही प्रकारे संपर्क येता कामा नये. एकाच मोसमात अनेक अजगर हाताळणाऱ्यांनी दोन अजगरही एका पिशवीत घालू नयेत आणि प्रत्येक सापानंतर पिशवी व अवजारे धुऊन वाळवावीत, ही शिस्त यासाठीच.

कायदा काय सांगतो?

पहिली गोष्ट, भारतीय अजगर, मांडूळ किंवा येथील कोणताही रानटी साप घरात पाळता येत नाही. भारतीय अजगर वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या पहिल्या परिशिष्टात आहे. या परिशिष्टातील प्राण्याबाबतच्या गुन्ह्यासाठी तीन ते सात वर्षे कारावास आणि किमान २५ हजार रुपये दंडाची तरतूद आहे. गुप्तधनाच्या खोट्या समजुतीपायी मांडूळ विकणे-विकत घेणे हाही गुन्हाच आहे.

परदेशी प्रजातींची गोष्ट वेगळी. २०२० च्या जूनमध्ये केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने अशा प्राण्यांची स्वेच्छेने माहिती देण्याची योजना आणली आणि हजारो लोकांनी ती दिली. त्यानंतर २०२२ च्या दुरुस्तीने, जी १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली, आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण असलेल्या प्रजाती कायद्याच्या चौथ्या परिशिष्टात आल्या. बोआ त्यांत मोडतो. २८ फेब्रुवारी २०२४ रोजी अधिसूचित झालेल्या नियमांनुसार असा प्राणी बाळगणाऱ्याने केंद्राच्या ‘परिवेश’ संकेतस्थळावरून नोंदणी करणे बंधनकारक आहे. आधीपासून असलेल्या प्राण्यांसाठी सहा महिन्यांची मुदत होती. नव्याने मिळालेल्या प्राण्याची नोंदणी ३० दिवसांत करावी लागते. हस्तांतर, मृत्यू आणि पिल्लांचा जन्म यांचीही माहिती द्यावी लागते.

म्हणजे एकत्र ठेवलेल्या जोडीपासून चाळीस पिल्ले झाली तर ती केवळ घरगुती अडचण राहत नाही. ती चाळीस नोंदींची कायदेशीर जबाबदारी ठरते. परदेशातून परवान्याशिवाय साप आणणे हा तर थेट तस्करीचा गुन्हा. डिसेंबर २०२३ मध्ये बँकॉकहून मुंबई विमानतळावर उतरलेल्या प्रवाशाच्या सामानात बिस्किटांच्या व केकच्या पुड्यांत लपवलेले ११ परदेशी साप महसूल गुप्तचर संचालनालयाने पकडले होते. असे साप दाटीवाटीने, रोगतपासणीविना येतात आणि त्यांतून वाचलेले बाजारात पोहोचतात. पेडणे तालुक्यातच मोप येथे आता आंतरराष्ट्रीय विमानतळ असल्याने हा विषय गोव्याला दूरचा राहिलेला नाही.

ज्यांच्याकडे आधीच दोन आहेत

दोन बोआ एकत्र असतील तर ते वेगळे करणे हाच उपाय आहे आणि तो उद्यावर टाकण्यासारखा नाही. प्रत्येकाला स्वतंत्र पेटी, स्वतंत्र उबेची सोय, स्वतंत्र आडोसा आणि पाण्याचे भांडे हवे. जागा किंवा पैसा एकाच पेटीपुरता असेल, तर साप एकच असावा.

वेगळे केल्यावर दोघांचेही वजन दर पंधरा दिवसांनी नोंदवावे; कोणाची उपासमार होत होती ते महिन्या-दोन महिन्यांत कळते. साफसफाई व खाऊ घालणे निरोगी सापापासून सुरू करून संशयित आजारी सापाकडे शेवटी जावे आणि मध्ये हात साबणाने धुवावेत. सापांच्या विष्ठेतून साल्मोनेला जिवाणू माणसाला बाधू शकतात. त्यामुळे घरात लहान मूल किंवा वृद्ध असतील तर ही काळजी त्यांच्यासाठीही आहे. मान वाकडी होणे, तोल जाणे, वारंवार ओकणे यांपैकी काही दिसले तर सरपटणाऱ्या प्राण्यांची माहिती असलेल्या पशुवैद्याकडे जावे.

दोन सापांनी एकमेकांना धरलेच, तर ओढून सोडवू नये. आत वळलेले दात मांस फाडतात. गार पाण्याखाली धरणे किंवा धरणाऱ्या सापाच्या तोंडाच्या कडेला स्पिरिटचा बोळा लावणे, हे पकड सैल करण्याचे प्रचलित उपाय आहेत. सहा फुटांहून मोठा बोआ एकट्या माणसाने हाताळू नये.

आणि साप सांभाळणे झेपत नसेल तर तो रानात, ओहोळात किंवा ओसाड खाणीत सोडू नये. वन खात्याशी संपर्क साधून त्यांच्या मार्गदर्शनाने पुढे जावे. साप सोडणाऱ्याची सुटका होते. सापाची होत नाही आणि रानाची तर मुळीच नाही.

सापावर खरेच प्रेम असेल तर त्याचा स्वभाव आधी मान्य करावा लागतो. कळपात रमणाऱ्या प्राण्याला एकटे कोंडणे जितके क्रूर, तितकेच एकट्या राहणाऱ्या प्राण्यावर शेजार लादणेही. बोआला सोबतीची उणीव भासत नाही. ती भासते पाहणाऱ्या माणसाला.